डीएसएम-५ : नऊ लक्षणं पाठ, सोळा प्रश्न कोरे

मानसोपचाराच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही नैराश्याचे निकष विचारा. धडाधड सांगेल : नऊपैकी किमान पाच लक्षणं, दोन आठवडे, आणि त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ (२०१३) मधली ही यादी. तिच्यामुळे सगळे डॉक्टर एकाच भाषेत बोलतात, हे तिचं मोठं काम.

पण ती वाटते तेवढी पक्की नाही. याच आवृत्तीच्या चाचण्यांत दोन डॉक्टरांनी तेच रुग्ण वेगवेगळे तपासले, तेव्हा प्रौढांमधल्या नैराश्याच्या निदानाचा कप्पा फक्त ०.२८ आला. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग. यादीसोबत हा आकडाही पाठ करा.

दुसरी तक्रार मांडणीची. रुग्णाला त्याच्याच शब्दांत त्रास आणि त्याचं कारण विचारणारी १६ प्रश्नांची मुलाखत पुस्तकात आहे, पण पार तिसऱ्या विभागात. परीक्षेच्या घाईत तिथवर पोचतं कोण?

आपल्या बुलडाण्यात ही मुलाखत चैन नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे घेतले, त्यांत आपला होता. इथला माणूस सहसा ‘नैराश्य’ म्हणत नाही. ‘डोकं जड पडलं, कशात जीव लागत नाही’ म्हणतो. डोक्यावरचं कर्ज नऊ लक्षणांत कुठेच बसत नाही. विचारलं तरच कळतं.

म्हणून डीएसएम जरूर वाचा, पण मागून : आधी सोळा प्रश्न, मग नऊ लक्षणं.