वेळ मारून नेताना

वाट पाहणं ही आमच्या पिढीची मुख्य कला. आम्ही गॅसच्या सिलिंडरची वाट पाहिली, टेलिफोनची पाहिली, आणि स्कूटरचा नंबर लागेपर्यंत तर किक मारायला लागणारा गुडघाच शिल्लक राहिला नाही. तेव्हा साठी उलटल्यावर मी आणखी एका गोष्टीची वाट पाहू लागलो, यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. नवल एवढंच, की ती गोष्ट व्हिडिओ गेम होती.

हसलात ना? आमची हीदेखील हसली. पण त्यामागची हकीगत ऐका.

२०२० साली सगळं जग घरात कोंडलेलं असताना आमचे चिरंजीवही घरातच होते. बँकेतली कायम नोकरी सोडून 'स्वतःचं काहीतरी' करायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यामुळे बापलेकांत संभाषण असं नव्हतं; जे काही होतं ते आईमार्फत आणि बहुतांशी जेवायला बसण्याबाबत. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर त्याच्या खोलीत दिवा. पडद्यावर एक दाढीवाला धिप्पाड गृहस्थ भल्यामोठ्या टेबलाशी बसलेला. पुढ्यात कागदांचा ढीग, समोर अर्जदारांची रांग, बाजूला तीन तोंडांचा कुत्रा. एवढ्यात एक तरुण पोरगा रक्ताच्या कुंडातून निथळत वर येतो, तर हा गृहस्थ कागदावरून मान न उचलता त्याला टोमणा मारतो. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटणारच.

"हे कोण साहेब?" मी न राहवून विचारलं.

"हेडीज. ग्रीक लोकांचा पाताळाचा देव."

"आणि तो पोरगा?"

"त्याचा मुलगा, झॅग्रियस. घर सोडून जायचं म्हणतोय. बाप जाऊ देत नाही."

मी आणखी एक पेला पाणी प्यायलो.

या प्रकाराला ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात, हे मला मागाहून कळलं. म्हणजे तुम्ही एक भूमिका घ्यायची, तिचे गुण-शस्त्रं वाढवत न्यायची आणि मारामारीही स्वतःच करायची. नाटक आणि आखाडा एकाच तिकिटात. तो करणाऱ्या कंपनीचं नाव सुपरजायंट गेम्स. नाव महाराक्षसाचं, बिऱ्हाड मात्र आटोपशीर. २००९ मध्ये एका बड्या कंपनीतून बाहेर पडलेल्या दोघांनी कॅलिफोर्नियात सॅन होजेमधल्या एका घराच्या दिवाणखान्यात ती सुरू केली. त्यांच्या पहिल्या 'बॅस्टियन' (२०११) या खेळाचं संगीत डॅरेन कोर्ब यांनी न्यूयॉर्कच्या घरातल्या कपड्यांच्या कपाटात बसून ध्वनिमुद्रित केलं. 'हेडीज' करेपर्यंतही ही मंडळी वीसच्या आसपासच होती. आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात याहून जास्त कार्यकर्ते असत आणि त्यांना पडदा वेळेवर ओढता येत नसे.

'हेडीज'चं कौतुक पुष्कळ झालं. २०२१ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला; व्हिडिओ गेमला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. मारामारी चपळ आहे, चित्रं देखणी आहेत, हे सगळं खरं. पण मला विचाराल तर त्या खेळाचं मोठेपण निराळ्या जागी आहे. झॅग्रियस मरतो आणि दर वेळी परत घरीच येतो. इतर खेळांत मरण म्हणजे पुन्हा पहिल्यापासून उजळणी. इथे मात्र मरून घरी आलं, की प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी नवीन असतं. गुरू वेगळं बोलतो, दारातला झोपाळू कारकून वेगळं बोलतो, बापसुद्धा वेगळा टोमणा मारतो. वीस हजारांहून अधिक वाक्यं त्यासाठी ध्वनिमुद्रित केलेली आहेत आणि ती क्वचितच पुन्हा कानांवर पडतात. कथा पुढे सरकते ती जिंकण्याने जितकी, तितकीच हरण्याने.

हे लक्षात आलं आणि मी जरा वरमलो. पोरगा नापास झाला तेव्हा, मुलाखतीत पडला तेव्हा, नोकरी सोडून आला तेव्हा, आमच्या घरी एकच वाक्य ध्वनिमुद्रित होतं: "मी तेव्हाच सांगितलं होतं."

पुढे मीही खेळू लागलो. म्हाताऱ्यांची सोय म्हणून (ते तसं म्हणत नाहीत) त्यात 'गॉड मोड' आहे. तो लावला की मार वीस टक्के कमी लागतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी दोन टक्के कमी, असं ऐंशी टक्क्यांपर्यंत. म्हणजे हरावं तशी कातडी जाड. आम्ही कचेरीत हेच केलं, फक्त त्याला हे नाव आहे हे ठाऊक नव्हतं.

पुढे चिरंजीव बंगळूरला गेले. २०२२ च्या डिसेंबरात एका सकाळी त्यांचा आपण होऊन फोन आला. पैसे नकोत, आईची चौकशी नाही, थेट म्हणाला, "बाबा, दुसरा भाग येतोय!" त्या कंपनीने आजवर कुठल्याच खेळाचा दुसरा भाग काढला नव्हता. त्या दिवसापासून आमची वाट पाहणं सुरू झालं. दर रविवारी फोन. 'आला का?' 'नाही.' एवढ्याशा बातमीवर आम्ही अर्धा अर्धा तास बोलत होतो.

६ मे २०२४ ला तो आला, पण अर्धाच. याला ते 'अर्ली ॲक्सेस' म्हणतात. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत असते, तसलंच. फरक एवढा, की आपल्याकडे पैसे भरून ग्रंथाची वाट पाहतात, इथे पैसे भरून प्रकरणं हातात येतात आणि 'हे जमलं नाही' असं लेखकाला सांगता येतं. ही मंडळी ते ऐकतात. नायिकेची ऑलिंपस पर्वताकडची वाट अपुरी होती. ऑक्टोबरात खुद्द ऑलिंपस जोडला गेला. पूर्ण खेळ २५ सप्टेंबर २०२५ ला हाती पडला.

या भागाची नायिका झॅग्रियसची बहीण, मेलिनोई. "तुमची ती 'मेली नाही' आज किती वेळा मेली?" असं ही रोज विचारते. खलनायक म्हणजे तिचे आजोबा क्रोनॉस, साक्षात काळ. पहिल्या भागात बापाचा आवाज देणारे लोगन कनिंगहॅमच इथे आजोबांचाही आवाज देतात. पहिल्या भागात बाप वाईट, दुसऱ्यात आजोबा. तिसरा निघालाच, तर मी तो बघणार नाही.

दोष आहेत. दर मोहिमेत मुळ्या खणा, धातू फोडा, मासे पकडा, घरी येऊन बी पेरा, कढईत उकळा, असं वाणसामान फार. मेलिनोई गुणी आहे, पण झॅग्रियसचा वात्रटपणा तिच्यात नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीला असतं तसं तिला सगळं येतं. आणि इतका मुरवलेला वैरभाव शेवटी तिसऱ्या अंकातल्या समेटासारखा घाईने मिटतो. यावर पुष्कळांनी कुरकुर केली, तेव्हा नंतरच्या दुरुस्तीत त्यांनी शेवटावर आणखी हात फिरवला. पण हरून आलेल्या पोरीशी घर अजूनही नवीन बोलतं. मी वाट पाहत होतो ती त्याची. एकदा यश मिळालं की दिवाणखान्याचा कारखाना होतो आणि वाक्यं साच्यातून निघू लागतात, अशी मला धास्ती होती. ती खोटी ठरली.

मधल्या काळात, २०२४ च्या थंडीत, एका रविवारी फोनवर चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, कंपनी बंद केली." जुनं वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, "कितव्या दालनापर्यंत पोचला होतास?"

क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग तो हसला. "शेवटच्या दारापर्यंत गेलो होतो, बाबा."

"मग पुढच्या वेळी दार उघडेल," मी म्हणालो.

आयुष्यभर मी वेळ मारून नेत आलो. प्रत्यक्ष काळाला मारायला मात्र मला हा खेळ आणि तीन वर्षं लागली. तीही ऐंशी टक्के सवलतीत.