पथ्य कोणी रांधायचे? : तंजावरच्या ग्रंथपरंपरेतील आजारी गृहिणी

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा विचार आपल्या समीक्षेने मुख्यतः दोन अंगांनी केला आहे. भोसले राजांच्या नाटकांमुळे मराठी नाट्यलेखनाचा आरंभ सतराव्या शतकापर्यंत मागे नेता आला, हे एक; आणि समर्थ संप्रदायाच्या मठांनी कावेरीकाठी मराठी काव्य जागते ठेवले, हे दुसरे. या दोन्ही अंगांनी पाहताना दरबार दिसतो, मठ दिसतो. घर मात्र दिसत नाही. वास्तविक अन्न, औषध, पथ्य आणि स्त्रीची दिनचर्या या घरगुती विषयांवर या एका राज्याच्या आश्रयाने अनेक ग्रंथ सिद्ध झाले. ते आपण शास्त्रग्रंथ म्हणून बाजूला ठेवले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचावेत आणि वाचताना एक साधा प्रश्न मनाशी धरावा, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे. प्रश्न असा : चाळिशी-पन्नाशीतली, बरे न होणाऱ्या पण जीवही न घेणाऱ्या दुखण्यासह संसार रेटणारी बाई या ग्रंथांत कोठे आहे?

आरंभ त्र्यंबकयज्वन् यांच्या ‘स्त्रीधर्मपद्धती’पासून करणे सोयीचे आहे. अठराव्या शतकातील हा संस्कृत निबंधग्रंथ स्त्रीचा दिवस पहाटेपूर्वीपासून रात्री शय्येपर्यंत क्रमाने मांडतो. पतीच्या आधी उठणे, केरवारे, सडासारवण, उंबरठ्याची पूजा, रांधणे, वाढणे आणि सर्वांच्या मागून जेवणे, असा तो क्रम आहे. धर्मशास्त्र म्हणून त्याची चिकित्सा झालेली आहे. परंतु वेळापत्रक म्हणून तो वाचला, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या क्रमाने गृहीत धरलेला देह धडधाकट आहे. वाकणे, उकिडवे बसणे, उठणे, पाणी वाहणे यांवर त्यातील प्रत्येक कर्तव्य उभे आहे. सांधे धरलेल्या बाईला धर्म पाळायचा म्हणजे प्रथम गुडघा वाकवायचा. गृहकृत्यातून सुटका मिळते ती रजस्वलेच्या नियमांमुळे. म्हणजे विश्रांती मिळते ती अशौच म्हणून. पन्नाशीला ही सक्तीची विश्रांतीही संपते, आणि नेमक्या त्याच वयात देह कुरकुरू लागतो. ग्रंथकाराने हे लिहिलेले नाही. पण त्याच्या मांडणीतून ते निघते.

दुसरा ग्रंथ रघुनाथ नवहस्त यांचे ‘भोजनकुतूहल’. ‘दमयंती-स्वयंवर’कार रघुनाथपंडित आणि ‘राज्यव्यवहारकोशा’शी ज्यांचे नाव जोडले जाते ते रघुनाथपंत हणमंते यांच्याशी या ग्रंथकाराची गल्लत होण्याचा संभव आहे, हे रघुनाथ म्हणजे एकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय लाभलेले पंडित होत. प. कृ. गोडे यांनी आपल्या संशोधनातून त्यांच्याकडे लक्ष वेधले. धान्ये, भाज्या, पक्वान्ने यांचे गुणदोष सांगणाऱ्या या संस्कृत ग्रंथात पदार्थांची मराठी नावे येतात, आणि तेथे संस्कृताच्या पडद्याआडून माजघर बोलू लागते. कोणता पदार्थ जड, कोणता हलका, कोणता वाताला वाईट, हे ज्ञान काही पंडिताच्या ओसरीवर जन्मलेले नसते. चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या निरीक्षणाला पंडिताने श्लोकाचा व सूत्राचा घाट दिलेला असतो. मात्र ग्रंथात पदार्थ आहेत, खाणारा आहे, रांधणारी नाही.

हीच उणीव तिसऱ्या ग्रंथसमूहात अधिक ठळक होते. दुसरे सरफोजीराजे (1777–1832) यांनी धन्वंतरी महालात वैद्यांकडून औषधांची पारख करविली आणि अनुभवास आलेले उपचार तमिळ पद्यात गुंफविले. ‘शरभेंद्र’ हे सरफोजींचेच काव्यगत नाव. या नावाने प्रसिद्ध असलेली वैद्यकपद्ये पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने रोगवारीने प्रकाशित केली. त्यांत मधुमेह आहे, नेत्ररोग आहेत, गर्भिणी व बालक यांचे विकार आहेत. राजाने रयतेच्या भाषेत वैद्यक आणले, ही गोष्ट लहान नाही. तथापि आपल्या देशी वैद्यकातील कोणत्याही काढ्याची रीत पाहावी. सोळापट पाणी घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवावे, असे शास्त्र सांगते. वाक्य एका ओळीचे. काम अर्ध्या सकाळचे. विस्तवापाशी तेवढा वेळ कोणी बसायचे? पथ्याची पेज वेगळी कोणी शिजवायची? रोगी पुरुष असेल तर उत्तर ठरलेले आहे. रोगी घरधनीणच असेल तर औषध घेणारी आणि औषध उकळणारी, पथ्य पाळणारी आणि पथ्य रांधणारी एकच होते. तंजावरचे हे सर्व शास्त्र या एका ठिकाणी अडखळते, कारण रोगी आणि शुश्रूषा करणारी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, असे ते धरून चालते.

चौथा ग्रंथ ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत आहे, परंतु तो राजाच्या मुदपाकखान्याचा. तेथे मनुष्यबळाची वाण नाही. सामान्य घरातील उपाय शोधायचा तर ग्रंथाबाहेर, तंजावरी मराठी घरांत टिकून राहिलेल्या खाण्याकडे वळावे लागते. त्या घरांत ‘डांगर पच्चडी’ म्हणून एक पदार्थ आहे. उडदाचे पीठ दह्यात कालवायचे आणि वर फोडणी द्यायची, एवढेच. मराठी ‘डांगर’ आणि दक्षिणेची ‘पच्चडी’ यांचा तो शब्दसंकर भाषाभ्यासकाला मोहवील; पण त्याचा खरा अर्थ चुलीशी आहे. वैद्याला विचारले तर तो उडीद जड म्हणेल. तरीही पाठ धरलेल्या दिवशी जी बाई हा पदार्थ करते, ती पथ्य पाळत नसून आपला अर्धा तास वाचवीत असते. पथ्य जेवणाऱ्याचे असते, सुख रांधणारीचे. हा भेद कोणत्याही पाकशास्त्राने केलेला नाही, आणि आजारी गृहिणीची सारी छोटी सुखे या भेदातच आहेत.

ललित वाङ्मयाकडे वळावे तर तेथे स्त्रीचे दुखणे विपुल आहे. मात्र ते एकच आहे, विरह. नायिकेचे अंग तापते, चंदनाची उटी सुकते, चांदणे पोळते, सख्या धावतात. या व्याधीचे औषध नायकाचे आगमन, आणि ते पदाच्या अखेरीस होतेच. म्हणजे संकेताने रोगही दिला व त्याला शेवटही दिला. ज्या दुखण्याला शेवट नाही त्याला या काव्यशास्त्रात जागा नाही. अपवाद म्हणावा असे एक काव्य तंजावरच्या दरबारात, प्रतापसिंहाच्या कारकिर्दीत, तेलुगूत झाले : मुद्दुपळनीचे ‘राधिकासांत्वनम्’. तिची राधा नवयौवना नाही. जिला स्वतः वाढविले त्या इळेचे कृष्णाशी लग्न लावून देऊन मागे उरलेली ती प्रौढ स्त्री आहे. येथेही सांत्वन कृष्णाकडूनच येते; परंतु वय झालेल्या देहालाही व्यथा असते आणि तिची समजूत कोणीतरी काढली पाहिजे, हे तेथे मान्य झाले आहे. बंगळूर नागरत्नम्मा यांनी 1910 मध्ये हे काव्य पुन्हा छापले, त्यावर बंदी आली, आणि ती 1947 मध्ये उठली. आक्षेप शृंगारावर होता. पण शृंगाराची मागणी एका प्रौढेने करावी, हेही त्यात बोचले असेल काय, असा विचार मनात येतो. सरफोजींच्या मराठी ‘देवेंद्र कोरवंजी’त तर भविष्य सांगणारी भटकी स्त्री जगाचा भूगोल वर्णन करते. स्त्रीमुखातून देश, समुद्र वदविणाऱ्या या नगराने तिच्या तोंडी तिचे स्वतःचे अंगदुखणे घातले नाही.

मराठीपाशी शब्द नव्हते, असेही नाही. ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाच्या निमित्ताने समर्थांनी रोगांची जी मोठी यादी दिली आहे, तीत नारू, गोवर, खरूज असे घरोघरचे शब्द रोकडे येतात. तंजावर प्रांतीच्या मठांतून हा ग्रंथ वाचला जात होता. म्हणजे दुखण्याचा मराठी कोश तेथे हाताशी होता. पण त्या यादीचा रोख वैराग्याकडे आहे. देह असा, म्हणून त्याची आसक्ती सोडावी. जुनाट दुखण्याच्या बाईला देह सोडायचा नसतो. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पोहोचायचे असते. त्याच शतकातील बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत आजार येतो तो पतीचा, आणि त्या येतात शुश्रूषा करणारी म्हणून.

हे चित्र पालटायला विसावे शतक सरावे लागले. भोसल्यांच्याच दुसऱ्या एका गादीच्या गावी, कोल्हापुरात, नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिले. कोवळ्या वयात कमरेखालचा देह निकामी झाल्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावरून मागे पाहताना त्या उचलले जाणे, पायऱ्या, देहधर्मांची व्यवस्था, नोकरी यांविषयी संकोच न धरता सांगतात. येथे सांगणारी आणि सोसणारी एकच आहे. वाङ्मयीन अलंकरण त्यात फारसे नाही, ही तक्रार होऊ शकेल. परंतु ज्या अनुभवाला तीन शतके निवेदकच नव्हता, त्याचे पहिले कर्तव्य नीट सांगणे हे असते.

शास्त्रग्रंथांकडून आत्मकथनाची अपेक्षा करणे अन्याय्य नव्हे काय, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. पण येथे ग्रंथांना दोष द्यायचा नसून वाचनाची रीत सुचवायची आहे. तंजावरात या बाईचा दिवस संस्कृतात ठरला, तिच्या अन्नाचे गुण संस्कृतात लिहिले गेले, तिचे औषध तमिळ पद्यात आले, तिची व्यथा तेलुगू काव्यात शृंगार झाली, आणि ती स्वतः घरात मराठी बोलत राहिली. चार भाषांत विखुरलेले तिचे तुकडे एका भाषेचा अभ्यासक जुळवू शकणार नाही. सरस्वती महाल 1918 पासून लोकांना खुला आहे. हे ग्रंथ आज छापील मिळतात. पाककृतीतल्या क्रियापदांना, काढ्याच्या मापांना आणि दिनचर्येतील वेळांना कर्ता कोण, हा व्याकरणाचाच प्रश्न विद्यार्थ्यांनी पुन्हा विचारावा. ‘आटवावे’, ‘वाटावे’, ‘गाळून द्यावे’ : या विध्यर्थी वाक्यांत कर्ता लिहिलेला नसतो. तो बहुधा स्त्रीलिंगी आहे, आणि तिचीही पाठ दुखत असण्याचा संभव आहे.