'माय ब्रदर निखिल' : शुश्रूषेची सामाजिकता आणि चित्रपटाची मर्यादा

प्रस्तावना

ओनिर दिग्दर्शित 'माय ब्रदर निखिल' (2005) या हिंदी चित्रपटामागे गोव्यातील डॉमनिक डिसोझा यांच्या जीवनाची प्रेरणा आहे. एड्सच्या साथीत रुग्णाची काळजी घेणे हे केवळ घरगुती कर्तव्य नव्हते, तर ती अन्यायाविरुद्धची सामाजिक कृतीही होती. चित्रपट हे भान कितपत पेलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वास्तव घटना

डॉमनिक हे स्वेच्छेने रक्तदान करणारे तरुण. एचआयव्ही संसर्ग आढळल्यामुळे फेब्रुवारी 1989 मध्ये गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये त्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि 64 दिवस वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात एकटे ठेवले. आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे याचिका केली. विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने वैध ठरविली. तथापि आईची माया कायद्याला जाब विचारू शकते, हे या खटल्याने दाखविले. पुढे डॉमनिक यांची नोकरी गेली. 1992 मध्ये त्यांनी मित्रांच्या साहाय्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

चित्रपटातील रूपांतर

चित्रपटात डिसोझांच्या जागी कपूर कुटुंब येते. जलतरणपटू निखिल (संजय सुरी) तलावात उतरताच इतर जण बाहेर पडतात. या एकाच प्रसंगातून बहिष्काराची क्रूरता कोणत्याही भाष्याविना प्रकट होते. बहीण अनामिका (जुही चावला) आणि जोडीदार नायजेल (पूरब कोहली) यांची सोबत हे चित्रपटाचे खरे बळ होय. जोडीदाराच्या सेवेला बहिणीच्या सेवेइतकीच प्रतिष्ठा देणे, हे त्या काळातील हिंदी चित्रपटाच्या दृष्टीने धाडसाचे होते.

मात्र आईच्या व्यक्तिरेखेत मूलभूत बदल झालेला आहे. मुलाविषयी ओढ असूनही पतीपुढे तिचे चालत नाही. प्रत्यक्षातील याचिकाकर्ती आई पडद्यावर हतबल होते. परिणामी संघर्षाचा केंद्रबिंदू शासन व कायद्याकडून कुटुंबातील दुराव्याकडे सरकतो. अखेरच्या समेटाने प्रेक्षकाचे डोळे पाणावतात. परंतु मुलाला कोंडून ठेवणाऱ्या कायद्याचा प्रश्न त्या अश्रूंत विरून जातो. पात्रे थेट कॅमेऱ्याशी बोलून आठवणी सांगतात. ही शैली साक्षीची आहे. तथापि त्या साक्षी मुख्यतः व्यक्तिगत दुःखाच्याच राहतात.

निष्कर्ष

एचआयव्हीबाधित व्यक्तीला वेगळे ठेवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा 2017 मध्ये संमत झाला. लुसी डिसोझा यांच्या याचिकेनंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी हे घडले. या दीर्घ कालावधीच्या प्रारंभी एक आई उभी होती. शुश्रूषेचे सौंदर्य टिपणाऱ्या या चित्रपटाने त्या आईला मूक केले, ही त्याची सर्वांत मोठी उणीव होय. अशा कलाकृतींचे मूल्यमापन करताना सेवा कोणी केली याबरोबरच, त्या सेवेने कोणाला जाब विचारला, हेही तपासणे आवश्यक ठरते.