न पोहोचलेले पत्र : 'सलाम बॉम्बे'मधील रिमांड होम

मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' (१९८८) गाजला तो रस्त्यावरच्या मुलांच्या अभिनयामुळे. कान महोत्सवात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला दिला जाणारा पुरस्कार त्याला मिळाला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत तो पोहोचला आणि त्याच्यामागोमाग 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला. आम्हांस मात्र या चित्रपटाचा गाभा त्यातील रिमांड होमच्या छोट्याशा भागात दिसतो. मुंबई-पुणे लोहमार्गावर राहणाऱ्या आम्हां लोणावळेकरांना फलाटावर एकटेच उतरलेले पोर नवे नाही. ते पुढे कोठे जाते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

कृष्णा हा खेड्यातला मुलगा. भावाच्या गाडीचे त्याने नुकसान केले, म्हणून आईने त्याला सर्कशीत सोडले. पाचशे रुपये जमल्याशिवाय घरी यायचे नाही, अशी अट घातली. सर्कस त्याला मागे टाकून निघून गेली आणि तो मुंबईत चहा पोहोचवू लागला. तेथे तो एका पत्रलेखकाकडून आईला पत्र लिहवून घेतो. पुरता पत्ता त्याला सांगता येत नाही. पैसे घेतलेला पत्रलेखक (इरफान खान यांची ही अगदी लहान भूमिका) मुलाच्या पाठीमागे ते पत्र टाकून देतो. या प्रसंगात ना संगीताचा गहिवर आहे, ना कोणी खलनायक. रोजच्या कामातला एक निरुपयोगी कागद, एवढीच त्या पत्राची किंमत.

पुढे एका रात्री लग्नघरचे वाढप्याचे काम उरकून परतताना कृष्णा आणि लहानगी मंजू पोलिसांच्या हाती लागतात. दोघांची रवानगी वेगवेगळ्या ठिकाणी होते. मुले आपल्या कोठडीला 'चिल्लर रूम' म्हणतात. सुटी नाणी, हिशेबात धरली न जाणारी! कृष्णाला त्या रात्री कोणत्याही गुन्ह्यासाठी पकडलेले नसते, तरी तो गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांत जाऊन पडतो. ही पटकथेची अतिशयोक्ती नव्हे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात निराधार मुलांसाठी मंडळ आणि आरोपी मुलांसाठी न्यायालय अशी दोन दारे होती खरी. पण चौकशी होईतो दोघांनाही निरीक्षणगृहातच ठेवता येत असे. २००० च्या कायद्याने ही दोन घरे निराळी केली.

येथेच आमची एक तक्रार आहे. दिग्दर्शिकेला रिमांड होम म्हणजे ओलांडावयाची भिंत एवढेच दिसते. सकाळची रांग, ताटातले अन्न, दुपारचा रिकामा वेळ, रात्री नव्या मुलाचे हुंदके, हे सारे घाईने उरकले आहे. तेथील कर्मचाऱ्यांना चेहरेच नाहीत. चहाची टपरी आणि वेश्यावस्ती ज्या बारकाईने चितारली, त्याच्या निम्म्यानेही ही वास्तू पाहिलेली नाही. कृष्णा पळून जातो, आणि कॅमेराही सुटकेचा श्वास टाकून त्याच्यामागे धावतो.

परंतु मंजूची आई रेखा मुलीला परत आणण्यास जाते, तो प्रसंग या उणिवेची भरपाई करतो. अनिता कंवर यांनी तो फार संयमाने केला आहे. समोरचा अधिकारी दुष्ट नाही. मुलीच्या भल्याचेच तो बोलतो: असल्या धंद्यातील बाई आई म्हणून योग्य नाही, सबब मूल शासनाकडे राहील. त्याच्या एका वाक्याने आईचा हक्क संपतो. आपल्या धर्मग्रामातील सज्जन मंडळी त्या खुर्चीत असती, तर काय निराळे बोलली असती? आम्हांस खात्री वाटत नाही. मुलाला कोंडणे हा या संस्थेचा मोठा दोष नव्हे. घराकडे जाणारा धागा ती सदिच्छेने कापते, हा होय.

फ्रान्स्वा त्रुफो यांच्या 'द फोर हंड्रेड ब्लोज' (१९५९) मध्येही हेच दिसते. तेथे निरीक्षण केंद्रात मुलाला भेटायला सायकलीवरून आलेल्या मित्राला आत सोडत नाहीत. आई येते, ती वडिलांनी हात झटकल्याचे सांगण्यासाठी. त्रुफो स्वतः अशा केंद्रात राहिले होते. म्हणून त्यांचा कॅमेरा भिंतीच्या आत अधिक वेळ थांबतो.

आज मावळातील मुलाचे प्रकरण पुण्यातील बाल न्याय मंडळापुढे जाते आणि निरीक्षणगृह येरवड्याला आहे. पवन मावळातील आईने भेटीस जायचे, तर एस. टी.ने कामशेत, मग लोकल, पुढे शहर बस. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. २०१६ च्या आदर्श नियमांत कृष्णाच्या पत्राला जणू उत्तरच आहे: घरचे लोक ठाऊक असल्यास मुलाने महिन्याला निदान एक पत्र लिहावे, हे संस्थेने पाहावे आणि टपालखर्चही तिनेच द्यावा. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर वृत्तपत्रांनी येरवड्याचे वेळापत्रक छापले, तेव्हा न्याहारीत काय मिळते यावर घरोघर संताप झाला. पत्रांविषयी कोणी अवाक्षर काढल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

ज्यांच्या नावाची शाळा आपल्या लोणावळ्यात आहे, ते संत डॉन बॉस्को तरुण धर्मगुरू असताना तुरिनच्या तुरुंगांत जात. सुटलेली मुले पुन्हा आत येतात, कारण बाहेर त्यांचे कोणी नसते, हे त्यांनी तेथेच ओळखले. पुढे आपल्या आईलाच, मार्गारेट मातेला, त्यांनी १८४६ मध्ये मुलांच्या घरी आणले. तिच्या हातचे जेवण हा त्यांच्या शिक्षणपद्धतीचा भाग होता, असे आम्ही मानतो.

उधळ्या पुत्राच्या बापाने परतण्यासाठी अट घातली नव्हती. कृष्णाच्या आईने पाचशे रुपयांची घातली. तरीही चित्रपट तिला दोषी ठरवत नाही, कारण तिची बाजू ऐकायला तो तिच्या दारापर्यंत गेलेलाच नाही. हा संयम म्हणावा की उणीव, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत.

अखेरीस गणपतीच्या मिरवणुकीत रेखा आणि कृष्णा एकमेकांपासून तुटतात आणि मुलगा भोवरा घेऊन एकटा बसतो. वेश्यावस्तीची दृश्ये, गर्द आणि शिवराळ भाषा यांमुळे हा चित्रपट लहान मुलांसमवेत पाहण्याजोगा नाही. आईवडिलांनी तो आधी स्वतः पाहावा आणि रेखाचा प्रसंग दोनदा पाहावा.