गुन्ह्याची पुनर्रचना आणि आस्वादकाचे स्थान

'जेएफके रीलोडेड' (२००४) या व्हिडिओ गेममध्ये खेळणारा ओस्वाल्डच्या जागी बसून केनेडींवर गोळ्या झाडतो. त्याची नेमबाजी वॉरन आयोगाच्या अहवालाशी जितकी जुळेल, तितके गुण त्याला अधिक मिळतात. गुन्हेगाराचा दृष्टिकोण आस्वादकाला देणे हाच अशा खेळांचा दोष, असे सामान्यतः मानले जाते. हे मत तपासून घेणे अगत्याचे आहे.

पिंगळी ज्या परभणी जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व लहान मुलींचे खून झाले. विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला, अमोल पालेकर दिग्दर्शित 'आक्रीत' (१९८१) हा चित्रपट त्या घटनांवर बेतलेला आहे. तोही प्रेक्षकाला खून घडवून आणणाऱ्यांच्या सहवासात नेतो. परंतु लोभ, अंधश्रद्धा आणि सत्ता यांची वीण उलगडत नेतो. २०२४ मधील 'मानवत मर्डर्स' ही मालिका प्रेक्षकाला तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या बाजूला उभे करते. दोन्हींत स्थाने भिन्न असली, तरी 'हे का घडले?' हा प्रश्न सुटत नाही.

खेळात मात्र हेतूला गुण नाहीत. गुण अचूकतेला आहेत. तपशील खरा ठरतो आणि मेलेला माणूस केवळ लक्ष्य उरतो. तेव्हा दोष दृष्टिकोणाचा नव्हे, मूल्यमापनाच्या नियमाचा होय. उद्या मानवतवर कोणी खेळ रचलाच, तर तो वस्तुस्थितीला किती धरून आहे, हा प्रश्न गौण ठरेल. त्यात गुण कशाला मिळतात, हे समीक्षेने आधी विचारले पाहिजे.