अंकवाचन : नियम की शब्दसूची?

अंकांत लिहिलेली संख्या उच्चारी शब्दांत उतरविणारी आज्ञावली इंग्रजीसाठी रचणे हा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्राथमिक पाठ होय. 'झीरो' ते 'नाइन्टीन' ही वीस नावे, 'ट्वेंटी' ते 'नाइन्टी' ही आठ दशकनामे आणि 'हंड्रेड' एवढ्या २९ शब्दांवर ९९९ पर्यंतचे वाचन नियमाने सिद्ध होते. मराठीत हीच पद्धती शंभराच्या आतच अडते. 'बावीस, बत्तीस, बेचाळीस' यांत दोनाची रूपे निरनिराळी आहेत. 'पन्नास'चे कोठे 'वन्न' होते, कोठे 'पन्न'. हे विकार ऐतिहासिक व्याकरणाला उलगडतात. आजच्या वक्त्याच्या ठायी मात्र त्यांचा नियम जिवंत नाही. तेव्हा यंत्राला सूचीच पुरवावी लागते, आणि तिचा त्याला काही भार नाही.

भार मुलाला होतो. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणितात २०१९ साली रूढ नावांच्या जोडीने 'वीस एक', 'तीस दोन' असे वाचन आले, आणि गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्याचे समर्थन केले. त्यांचा मुद्दा निराधार नव्हता. 'बत्तीस' ऐकून आधी २ लिहिणारे मूल काल्पनिक नाही, आणि विधानसभेत आडनावावरून झालेली थट्टा हे काही त्याचे उत्तर नव्हे.

तथापि उपाय ग्राह्य वाटत नाही. नॉर्वेने १९५१ साली, दूरध्वनी-क्रमांक सांगताना होणारा घोटाळा टाळण्यासाठी, एककाआधी दशक उच्चारण्याची पद्धती अधिकृत केली. परंतु तेथे एकक आणि दशक ही पदे मुळात सुटी होती. मुख्यतः त्यांचा क्रम उलटला, इतकेच. 'बत्तीस' उलटता येत नाही, कारण 'ब' हे मराठीत स्वतंत्र पदच नाही. 'तीस दोन' म्हणणे म्हणजे क्रम बदलणे नव्हे, शब्द टाकून देणे होय; आणि 'बत्तीस' गेला की 'बत्तिसावा' व 'बत्तिशी' यांचाही आधार सुटतो. नॉर्वेतही जुनी पद्धती बोलण्यातून नाहीशी झालेली नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

आज्ञावलीची खरी कसोटी सूचीच्या पलीकडे आहे. भाईंदर स्थानकावर यंत्र गाडीची वेळ 'आठ वाजून बत्तीस मिनिटे' अशी सांगते, ते यथायोग्यच. पण मीरा रोडचा पिनकोड ४०११०७ कोणी 'चार लाख एक हजार एकशे सात' असा वाचला, तर अंकगणित निर्दोष राहूनही वाचन चुकते. ती संख्या नव्हे, खूण आहे, आणि खुणेचा एकेक अंक सुटा उच्चारावयाचा असतो. उलट, १५० रुपयांना 'एकशे पन्नास' म्हणणे अशुद्ध नाही. परंतु भाजीवाला 'दीडशे'च म्हणतो आणि १२५ ला 'सव्वाशे'. ही निवड अंकांवरून ठरत नाही, प्रसंगावरून ठरते. इंग्रजीच्या साच्यावर बेतलेल्या आज्ञावलीत तिला जागाच ठेवलेली नसते.