सोन्याचें ऋण आणि रहस्यकथा

सोनें आणि खून यांचें सख्य रहस्यकथेला नवें नाहीं. परंतु त्या सख्यांतून दोन निरनिराळ्या जातींच्या कथा जन्मास येतात, आणि आपला वाचकवर्ग त्या दोहोंस एकाच मापानें मोजतो, असें आम्हांस वाटतें. पहिल्या जातींत सोन्याचा जुना इतिहास हा आजच्या गुन्ह्याचें कारण असतो. दुसरींत तो केवळ अलंकार असतो. कोणती कथा कोणत्या जातीची हें ओळखण्यास एक साधी कसोटी पुरे आहे. कथेंतून जुन्या काळाचा सारा वृत्तांत काढून टाकावा, आणि मग आजचा खून जागच्या जागीं उभा राहतो कीं कोसळतो तें पाहावें. उभा राहिला, तर इतिहास शोभेचा. कोसळला, तर तो पायाचा दगड.

या कसोटीस पुरेपूर उतरणारें उदाहरण म्हणून आर्थर कॉनन डॉईल यांची १८९१ सालची ‘द बॉस्कोम व्हॅली मिस्टरी’ ही लघुकथा आम्ही पुढें करतों. इंग्लंडांतील एका खेड्यांत तळ्याकांठीं मॅकार्थी नांवाच्या इसमाचा खून होतो आणि संशय त्याच्या मुलावर येतो. मरणाऱ्याच्या तोंडून निघालेले अर्धवट शब्द मुलाला उंदराविषयींचे वाटतात. होम्स मात्र ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया वसाहतीचा नकाशा मागवून, तें ‘बॅलरॅट’ या गांवाच्या नांवाचें शेपूट आहे हें दाखवून देतो. बॅलरॅट हें सोन्याच्या खाणींचें गांव. तेथून मेलबोर्नला जाणारें सोनें लुटणारा दरोडेखोर पुढें इंग्लंडांत टर्नर या नांवानें प्रतिष्ठित जमीनदार होऊन राहतो. लुटीच्या वेळीं ज्या गाडीवानाला त्यानें जिवंत सोडलें, तोच मॅकार्थी पुढें त्याला वर्षानुवर्षें पिळतो आणि अखेर त्याची मुलगी आपल्या मुलासाठीं मागतो. येथून बॅलरॅट वजा करा. खुनाला कारणच उरत नाहीं. त्या लुटींत टर्नरच्या हातून घडलेलें एकच दयेचें कृत्य त्याच्या गळ्याचा फास होतें, हें या लहानशा कथेचें मर्म आहे. पापाचें ऋण व्याजासह फेडावें लागतें, एवढें सांगून लेखक थांबत नाहीं. तें फेडतांना दोन निरपराध मुलांचें आयुष्य पणास लागतें, हेंही तो दाखवतो.

सोन्याच्या लाटेचा काळ अशा कथांना इतका मानवतो, त्यालाही कारण आहे. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत, १८५१ त व्हिक्टोरियांत आणि १८६१ त न्यूझीलंडमधील ओटॅगो प्रांतांत सोनें सांपडलें, तेव्हां देशोदेशींचे लोक एका रानांत गोळा झाले. तेथें कोणाचें कुळ कोणास ठाऊक नसे. नांव बदलणें हें अंगरखा बदलण्याइतकें सोपें होतें. व्हिक्टोरियांत आरंभीं खाणकऱ्याला, सोनें मिळो वा न मिळो, परवान्यासाठीं महिना तीस शिलिंग भरावे लागत. परवान्याच्या जाचाविरुद्धचा असंतोष वाढत जाऊन ३ डिसेंबर १८५४ रोजीं बॅलरॅटजवळ युरेका येथें रक्त सांडलें. सोन्याच्या पहाऱ्यावर दरोडाही प्रत्यक्षांत पडला होता. १८५३ च्या जुलैंतील मॅकायव्हरचा दरोडा प्रसिद्धच आहे. अशा ठिकाणाहून श्रीमंत होऊन परतलेल्या माणसाला भूतकाळ नसतो. किंवा असतो, पण तो ठाऊक असलेला दुसरा माणूस कोठेंतरी जिवंत असतो. रहस्यकथेला याहून अधिक काय हवें? एलिनॉर कॅटन यांनीं ‘द ल्यूमिनरीज’ या २०१३ सालीं बुकर पारितोषिक मिळविलेल्या कादंबरींत १८६६ चें होकिटिका गांव निवडलें, तेंही याच कारणानें असावें. तेथें बारा माणसांपैकीं प्रत्येकाला सत्याचा एकेक तुकडा ठाऊक असतो, आणि सोनें हातोहात फिरतां फिरतां सगळ्यांनाच थोडें थोडें मलिन करतें.

डॉईल यांचीच ‘द साइन ऑफ फोर’ ही १८९० ची कादंबरी मात्र आम्हांस इतकी निर्दोष वाटत नाहीं. १८५७ च्या धामधुमींतील आग्र्याचा खजिना हें तिचें बीज. पण तो वृत्तांत पाठलाग संपल्यावर, एका कैद्याच्या तोंडून, एकदम ओतला जातो. रचनेच्या या दोषाहून मोठा दोष निराळाच आहे. आग्र्याच्या किल्ल्यांत ज्या प्रवाशाचा जीव घेऊन तो खजिना मिळविला, त्याच्यासाठीं कथेंत कोणाचा जीव हळहळत नाहीं. खजिन्यांत इंग्रज तरुणीचा वाटा किती, याचीच काळजी सर्वांना. उलट विल्की कॉलिन्स यांनीं १८६८ च्या ‘मूनस्टोन’मध्यें १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटींतला हिरा अखेर ज्या देवाचा त्याच्याकडे परत पोंचविला. जुन्या सोन्याचा खरा धनी कोण, हा प्रश्न त्यांनीं विचारला. डॉईल यांनीं टाळला.

आतां आपल्याकडे वळूं. गो. ना. दातारांनीं रेनॉल्ड्सच्या आधारानें अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिल्या. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथांनीं मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली. त्यांचें ऋण आम्ही मानतों. तथापि मराठी मनांत सोनें बहुधा गुप्तधनाच्या रूपानेंच येतें: पुरलेला हंडा, सांकेतिक लेख, भुयार. खणून काढलेल्या सोन्याला भागीदार असतात, साक्षीदार असतात; गुप्तधनाला धनीच नाहीं असें आपण समजतों. वस्तुतः १८७८ च्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किमतीचें निधान सांपडल्यास कलेक्टरास वर्दी देणें बंधनकारक केलें. पण ही समजूत केवळ भाबडी नाहीं. परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें १९७२ पासून मुली व स्त्रिया यांचे लागोपाठ खून झाले, आणि तपासांत जें बाहेर आलें त्यांत गुप्तधनाचा लोभ होता. पुण्यांत २० ऑगस्ट २०१३ रोजीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर त्याच वर्षीं जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यांत गुप्तधनाच्या शोधासाठीं केलेलीं अघोरी कृत्यें गुन्हा ठरलीं. ज्या प्रांतांत असा कायदा करावा लागतो, तेथें हंड्याची चमक तेवढी रंगवून थांबणारा लेखक निर्दोष म्हणतां येत नाहीं.

आमच्या लेखकांना विषयाची वाण आहे काय? मुळींच नाहीं. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ पासून कापसाचे भाव चढले, मुंबईंत सोन्यारुप्याचा पूर आला, कंपन्यांचे शेअर डोळे मिटून घेतले गेले, आणि १८६५ च्या जुलैंत सारा डोलारा कोसळला. ही मुंबईची सोन्याची लाटच होती. त्या पडझडींत कोणी कोणास बुडविलें, कोणाचें घर कोणाच्या ठेवींवर उभें राहिलें, आणि तें ऋण आज कोणाच्या दारीं वसुलीस येतें, हें विचारणारी मराठी रहस्यकथा अवश्य लिहिली जावी. भुयारापेक्षां जुन्या खतावणींत तिचें बीज अधिक सांपडेल. मात्र ती लिहिणाऱ्यानें वर सांगितलेली कसोटी आधीं स्वतःच लावून पाहावी, एवढेंच आमचें मागणें आहे.